हयातीचा दाखला

नोव्हेंबरात आमच्या कोरेगाव शाखेत
आल्याच्या मातीचा वास येतो.
बायका नऊपासून पायरीवर बसलेल्या,
पिशवीत पासबुक, पासबुकात आधार कार्ड,
कार्डावर घडी पडलेला चेहरा.
वर्षातून एकदा त्यांना सिद्ध करावं लागतं
की त्या जिवंत आहेत.

माझ्याकडे त्यासाठी काड्यापेटीएवढं यंत्र आहे.
लाल उजेड लागला की अंगठा टेकवायचा.
हौसाबाई फडतऱ्यांचा अंगठा ते ओळखत नाही.
साठ वर्षं आलं खणून, शेणी थापून
रेघाच गेल्यात.
पदराला पुसला. दुसरं बोट. तिसरं.
जुळत नाही.
"न्हाई तर न्हाई," त्या म्हणतात,
"माझं तरी कुटं काय जुळलंय."

तोवर मी दुसरा कागद भरते.
'मी पुनर्विवाह केलेला नाही.'
खाली सही किंवा निशाणी.
वय अठ्ठ्याहत्तर.
ते वाक्य मी घाईनं वाचते,
कुणाच्या उघड्या पाठीवरून नजर काढून घ्यावी तसं.
"आजून इचारतंय व्हय सरकार?"
आणि बाकावरच्या सगळ्या हसतात.

गजराबाई शेडगे हसत नाहीत.
पासष्टला नवरा गेला तेव्हा दीर बारा वर्षांचा होता.
त्याचं नाक पुसलं, त्याच्या चड्डीत नाडी ओवली,
आणि सहा वर्षांनी त्याच्याच नावाचं कुंकू लावलं,
पेन्शन घरात राहावी म्हणून.
कागदात त्यासाठी वेगळा रकाना आहे.

हौसाबाईंचा संसार अकरा महिन्यांचा,
त्यात तो घरी सत्तावीस दिवस.
बासष्टला बर्फात गेला, सापडला नाही.
तार आली, मग काळी ट्रंक.
तिच्यात आता हरभऱ्याचं बी असतं,
वरचा पांढरा नंबर अजून वाचता येतो.
फोटो मोठा करताना साताऱ्याच्या स्टुडिओनं
शिपायाला शोभेल अशी मिशी काढली.
त्याला मिशी फुटायची होती.
"आता त्येच त्वांड आठवतं, मिशीवालं.
खरं कोन्तं, इसरलं बग."
पुतण्यानं फ्रिज घेतला त्या दिवशी
बर्फाचा एक खडा मुठीत धरून बसल्या होत्या,
पाणी होईपर्यंत.

एकदा मला हळूच विचारलं,
"पल्याडच्या मुलखात बी
अशाच बाया बसत असतील का गं, अंगठा घिऊन?"
मी रबरी शिक्का शोधत राहिले.

आज सोबत पुतण्याचा नातू आलाय, प्रणित.
पहाटे पाचला रहिमतपूर रस्त्यावर पळतो,
पोरांच्या घोळक्यात, मोबाईलच्या उजेडात.
छाती एक सेंटीमीटर कमी भरते.
भरेल, म्हणतो. दुसरं आहे काय इथं, मॅडम.
भरतीच्या अकॅडमीची फी भरायला खातं हवंय.
नाव. जन्मतारीख. पत्ता.
वारसदार?
त्यानं वळून बाकाकडे पाहिलं.
"माझं नगं," हौसाबाई म्हणाल्या, इतक्या जोरात
की कॅशियरचं नोटा मोजणं चुकलं.
"म्या येकडाव लागलीया वारस."

मग मी डोळ्याचं यंत्र काढलं.
हलू नका, पापणी मिटू नका.
त्या एकटक बघत राहिल्या,
मोतीबिंदूच्या कडेनं, माझ्या पलीकडे कुठंतरी.
पडद्यावर हिरवी अक्षरं आली:
हयात.

प्रणितचा अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
सोमवारी येतो म्हणाला.
एक रकाना कोरा.