चार मीटरच्या आत

फोन म्हणतो, चार मीटर.
फोनचे चार मीटर म्हणजे
इकडं म्हशीच्या शेपटीपासून
तिकडं भेळेच्या गाडीपर्यंत काहीही.

अक्षांश सोळा अंश एक्केचाळीस मिनिटं,
रेखांश चौऱ्याहत्तर अंश तेरा.
सकाळी आठवी ब ला मी हेच शिकवलं,
की या रेषा जमिनीवर कुठंच नसतात,
आणि आता गंगावेशीत
त्यातल्याच दोघींच्या फुलीवर उभी आहे
पर्स पोटाशी धरून, चोरासारखी.

कुणा अनोळख्यानं लपवलेली डबी.
तिच्यात कागदाची गुंडाळी, बस्स.
सही करायची, होती तिथं ठेवायची.
एकच नियम: आजूबाजूला कळता कामा नये.
हा नियम करणारा माणूस
दूधकट्ट्यावर कधी उभा राहिलेला नसणार.

चपलेचा अंगठा तीनदा नीट केला.
फोन कानाला लावून नसलेल्या नणंदेला सांगितलं,
"हो, पोचले, इथंच आहे, तू ये सावकाश."
भिंतीवरचं कुस्तीच्या मैदानाचं पोस्टर
तळापासून वर वाचलं,
जोड्या, इनाम, छापखान्याचं नाव,
आणि बोटं मागच्या मागं
लोखंडी कठड्याखाली चाचपत राहिली.
गंज. च्युइंगम. कोळ्याचं जाळं.

"काय हुडकतायसा, मॅडम?"
धार काढता काढता हिंदुराव. मान वर नाही.

तोंडातून गेलं, "कानातलं पडलंय."

झालं.
या गावात खोटं बोलायची सोय नाही,
लोक लगेच मदतीला येतात.
भेळवाल्यानं गाडीवरचा बल्ब
वायरीसकट खाली धरला.
तालमीतली दोन पोरं गुडघ्यांवर बसली,
मानेवर लाल माती तशीच.
एकानं बुलेट फिरवून हेडलाइट टाकला.
"पाय हलवू नगा कुणी! जाग्यावर बघा!"
"सोन्याचं का बेंटेक्सचं?"
"कशाचंबी असूदे की, हरवलंय न्हवं?"
हिंदुरावनं म्हशीचा मागचा पाय उचलून बघितलं.
म्हशीनंही वळून बघितलं.

सापडलं: दोनचं नाणं, शर्टाचं बटण,
एक सिमकार्ड, कुणाचा तरी दुधाचा दात.

पायरीवर सात-आठ वर्षांची एक पोर,
ओठांवर फेसाच्या मिशा.
ती एकटीच खाली बघत नव्हती.
तिनं माझ्या डाव्या कानाकडं बघितलं, मग उजव्या.
दोन्ही कुड्या जागच्या जागी.
तिनं पुन्हा पेल्यात तोंड घातलं.

मी पाठ फिरवली, उजवी कुडी काढली,
मुठीत धरून वाकले.
"सापडलं!"
असा जल्लोष मी दहावीच्या निकालालाही ऐकलेला नाही.
पैलवानांनी एकमेकांना टाळी दिली.
हिंदुरावनं भरलेला पेला हातात कोंबला,
"प्या. पैसं नगंत. घाबरलासा जणू."

कोमट फेस नाकाला लागला.
मी कठड्याला टेकले
आणि बोट जिथं आपसूक पोचलं
तिथंच ती, करंगळीएवढी, थंड,
चुंबकानं चिकटलेली.

ओढणीआड, एका हातानं, सही.
माझ्या वरची तारीख मागच्या श्रावणातली.
पुढं लिहिलं,
"वीस जणांनी शोधलं, कुणालाच दिसलं नाही."
पोर बघत होती.
"एक सोडून" लिहायला जागा उरली नव्हती.

रात्री भांडी आवरून झाल्यावर
आरशात डावा कान चमकला, उजवा नाही.
पर्स पालथी केली. ओढणी झटकली.
स्कूटीच्या डिकीत हात घालून
अंधारात बराच वेळ बसले.

दुसऱ्या दिवशी तोच कट्टा, त्याच म्हशी.
हिंदुराव धार काढत होता.
"आज काय हुडकतायसा?"

"काही नाही," म्हटलं,
आणि चपलेचा अंगठा नीट करायला वाकले.