खोडरबर

कार्ड तिने आणलं काड्यापेटीत, कापसात गुंडाळून,
लहान मुलाचा पडलेला दात आणावा तसं.
चोंचीच्या धक्क्याला तेव्हा फेरी लागत होती,
टपरीच्या पत्र्यावर पाऊस,
जो चिलोए बेटावर कुणी मोजत नाही.

एदिता नावेल्किन. शिंपल्यांच्या कारखान्यात कामाला.
म्हणाली, कॅमेरा हेरिबेर्तोचा. त्याच्या खिशात होता,
होडीतून उतरताना पाय घसरला तेव्हा.
त्या दिवशी माणूस वाचला, कॅमेरा गेला.
माणूस नंतर गेला, मे महिन्यात, अंथरुणात.
एवढं एका दमात सांगून ती स्टुलावर बसली.

भाच्याच्या लॅपटॉपने विचारलं होतं तिला:
कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का?
मी घाबरून विचारलं, हो म्हणालात?
'पहिल्या विचारण्याला मी कुणालाच हो म्हणत नाही.'
बाई, निम्मं काम तुम्हीच केलंय.

लॉकची बारीक पट्टी पाहिली : ना इकडे ना तिकडे.
सोनेरी दातांवर हिरवट मीठ.
ते मी शाळकरी खोडरबराने घासलं, हलक्या हाताने,
आणि चुरा फुंकून टाकला.
'खोडून सापडेल?' तिने विचारलं.
कधी कधी.

रीडरचा दिवा लागला, विझला, लागला.
आधी सगळ्याची नक्कल उतरवायची, बिघाडासकट,
मूळ कार्ड परत काड्यापेटीत.
पुढे हात लावायचा तो फक्त नकलेला.
हे मी उशिरा शिकलो. केमचीच्या एका बाप्तिस्म्याचं
देणं अजून आहे माझ्यावर.

नक्कल सरकत होती मुंगीच्या पावलांनी, म्हणून बोलत बसलो.
फोटो वेगळे असतात, त्यांचे पत्ते वेगळे.
पत्त्यांची वही मिठाने खाल्ली.
आपल्याकडे बघा, घरं चालतात :
खाली ओंडके, पुढे बैलांच्या जोड्या, दोराला सगळं गाव,
आणि घर निघतं या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर.
पत्ता मागे राहतो.
इथे उलट झालंय. घर जागेवर आहे, पत्ता गेला.
'मग दारोदार जा,' ती म्हणाली.
तेच करतो हा प्रोग्राम. एकेक खण ठोठावतो,
आतून फोटोची पहिली अक्षरं ऐकू येतात का बघतो.

रात्रीतून दोनदा वीज गेली.

सकाळी ती आली तेव्हा दोनशे चौदा फोटो होते.
नाव नाही, तारीख नाही, नुसते आकडे.
तिला हवे होते बापाचं घर ओढून नेलं त्या दिवसाचे.
ते उघडले आभाळापुरते.
छपराचं टोक, एका बैलाची शिंगं,
खाली सगळा राखाडी पट्टा.
ती काही बोलली नाही. मीही पुढचं बटण दाबत राहिलो.

मग हे निघाले.
ती बटाटे सोलताना, डोळे मिटलेले.
ती शिंकेच्या ऐन मधोमध.
ती, गालात घास, आणि पुढे केलेला तळवा
अर्ध्या फोटोभर : नको.
सगळे धडधाकट, एक ओरखडा नाही.

'हे तर मी त्याला खोडायला लावले होते.
माझ्यासमोर. बटण दाबताना पाहिलंय मी.'

खोडलं म्हणजे वहीतलं नाव कापलं, एवढंच.
फोटो तिथेच राहतो,
त्या जागी दुसरं कुणी राहायला येईपर्यंत.

'आणि कुणी आलं नाही?'

कार्ड मोठं होतं, म्हटलं. जागा पुष्कळ होती.
'होती खरी,' ती म्हणाली,
आणि तळव्याचा तो फोटो
मोठा करायला लावला,
इतका मोठा की हातावरच्या रेषा चौकोनी झाल्या.

जाताना पैसे मोजून ठेवले,
वर पिशवीभर शिंपले, ओले, अजून मिटलेले.
दारातून परत वळली. खोडरबर केवढ्याचा?
कुठल्याही वह्यांच्या दुकानात मिळेल, मी म्हटलं.
तिने तोच उचलला,
काड्यापेटीत कार्डाशेजारी बसेना,
म्हणून मुठीत घेऊन गेली.