विसपुत्यांचा जुना काटा

सोनार विसपुत्यांनी नवा काटा घेतला,
जुना मला दिला, तीनशे रुपयांत.
पिंपळनेरच्या बाजारात लोक हसले.
ज्या ताटलीत मणी, डोरली, नथीचे आकडे बसायचे
तिथे आता अंडं. खाली दोऱ्याचं कडं,
नाहीतर घरंगळतं.

वजन कवचावरच लिहितो, पेन्सिलीने.
एक्केचाळीस : काळ्या तलंगीचं पहिलं,
बोट लागलेल्या रक्ताच्या रेघेसह.
बावन्न, चोपन्न, बावन्न : लालीची,
तिचं सगळंच वेळेवर.
अडुसष्ट : थोराड गिरिराजणीचं,
मुठीत मावेना, कवच मात्र पापडासारखं.

दगुबाई कुंपणावरून :
"आंडं तोलीसन काय व्हई रे भाऊ?
कोंबडी का तोलीसन बसस?"

थर्माकोलची पेटी, एक बल्ब, वाटीत पाणी.
आत साडेसदतीस लागतं
आणि बाहेर चैत्र, त्रेचाळीस.
दुपारी बल्ब बंद करून
पेटीवर ओलं गोणपाट टाकायचं;
आमच्याकडे उबवण्यापेक्षा निववणं जास्त.
रात्री लाईट गेली की उलटं. गोधडी, गरम पाण्याच्या बाटल्या,
आणि मी, जागा.

सातव्या रात्री टॉर्च लावून पाहिलं.
पन्नाशीतल्या बाराही अंड्यांत लाल शिरांचं जाळं.
एक्केचाळीसमध्येही, जरा फिकं.
अडुसष्टमध्ये एक ठिपका हलला
तेव्हा मी दगुबाईला हाक मारली होती.

एकविसाव्या पहाटे लालीची आधी फुटली,
एक सोडून सगळी.
दुपारी एक्केचाळीस.
काट्यावर ठेवलं : सत्तावीस ग्रॅम,
त्यातही थोडं ओलेपणाचं.

बाविसाव्या संध्याकाळी अडुसष्टला कान लावला.
आतून टक्‌. मग बराच वेळ काही नाही. मग टक्‌.
"हात नको लाऊ," दगुबाई म्हणाली, आणि गेली नाही.
तेविसाव्याला मी फोडलं.
पूर्ण पिल्लू होतं. नखं, पापण्या,
पंखाखाली घातलेली मान.
पोटाशी बलक अजून बाहेरच,
एवढी शिदोरी, आत ओढायची राहिलेली.
मी वजन केलं नाही.
वहीत त्या ओळीत फक्त तारीख आहे.

सत्तावीसच्या पायाला लाल दोरा बांधला.
बाकीची त्याला कण्यांवरून ढकलत,
मग त्याला वेगळं, बाटलीच्या झाकणात पाणी.
पहिले दोन आठवडे ते सगळ्यांच्या मागे,
चौथ्यात थोडं कमी मागे.
सहाव्या आठवड्यात ताटलीत उभं केलं
तर आकडे पळाले आणि थांबले.
काचेवर नुसती आडवी रेघ :
विसपुत्यांचा काटा तीनशेपर्यंतच.

काल दगुबाईने विचारलं,
"ते एक्केचाळीसवालं कोन्तं शे?"
दोरा कधीच गळून पडलाय.
उकिरड्यावर तेरा तलंगा-कोंबडे उकरत होते.
मी एकाकडे बोट दाखवलं,
नंतर दुसऱ्याकडे.