काना

पहाटे पाश्क गेला.
गेला म्हणते, कारण एकोणिसाव्या वर्षी
बारा म्हाताऱ्यांपुढे शपथ घेऊन
पाश्कानं नावातला काना टाकला, केस टाकले,
आणि मारल्या गेलेल्या भावांच्या
बंदुकीच्या खुंटीखाली जाऊन बसली.
बसला.

दुकाजिनच्या या डोंगरात त्रेपन्न वर्षं
राकीचा पहिला पेला त्याचा.
सोयरिकी त्याच्या शब्दावर जुळल्या.
माझीही. मला विचारलं नाही.
विचारत नसतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

आता तो फळीवर, बाजूला कोमट पाणी.
पुरुषाला पुरुषांनी न्हाऊ घालायचं, बाईला बायांनी.
लुलाश बाह्या सारून आला, उंबऱ्याशी थबकला.
प्रेनानं पंचा उचलला, ठेवून दिला.
पाणी निवत गेलं. दोनदा तापवलं.
अंगणात म्हातारे खुर्च्या सरकवत होते,
तंबाखूच्या भावावर बोलत होते.

शेवटी मीच दार लोटून घेतलं.
वास्कटाची सात बटणं. सदरा.
त्याखाली छातीवर आवळलेला कापडी पट्टा,
टाके माझ्या आईचे; ते आखूड, तिरके टाके
मी कुठंही ओळखीन.
म्हणजे आईजवळ माप होतं,
आणि तिनं ते सोबत नेलं.

हात, मान, चेहरा रापलेले, बाप्याचे.
पट्ट्याखालची कातडी मात्र
उन्हानं कधी न पाहिलेली,
अजून एकोणीस वर्षांची.
ती मी सगळ्यात शेवटी पुसली.

मग पट्टा पुन्हा बांधला.
गाठ कुठल्या बाजूला येते, कळेना.

बाहेरून लुलाशनं विचारलं,
‘झाला का तयार?’

‘थांब जरा,’ म्हटलं.