चोरून घेतलेला श्वास

तेलावीत त्या हिवाळ्यात वीज दिवसाला तीन तास यायची,
आणि ते तीन तास कुठले, हे वीजच ठरवायची.
बेकरीखालच्या तळघरात नुगझारचं दुकान:
झाकण कायम उघडं असलेला एक संगणक,
कुणाच्या तरी बॅगेतून जर्मनीहून आलेला सीडी रायटर,
आणि मी, सतरा वर्षांचा,
पगार म्हणून वरच्या भट्टीतला गरम पाव.

वीज आली की आधी दार लावायचं.
माऊस बाजूला. स्क्रीनसेव्हर बंद.
प्रिंटरची वायरसुद्धा काढायची,
का, ते नुगझारलाही ठाऊक नव्हतं.
“आता कुणी शिंकायचं नाही.
लेझर एकदा निघाला की निघाला.
वाटेत थांबला, तर चकती गेली.”

लेझरला हवी संततधार.
हार्ड डिस्क मात्र लहरी:
भरभरून देते, मग भलतंच काही शोधत बसते,
मग आठवण झाल्यासारखी पुन्हा देते.
म्हणून मधे एक हौद, दोन मेगाबाइटचा.
वरून पाणी कसंही येवो,
खालची तोटी एकसारखी.
“हौद किती पुरतो?” मी विचारलं होतं.
“सहा सेकंद,” म्हणाला नुगझार,
आणि आवंढा गिळला.

एतेरीबाईंनी कॅसेट रुमालात बांधून आणली होती.
कुठलंसं लग्नघर, दारू प्यालेले आठ पुरुष,
आणि तळाशी धरून ठेवलेला एकच सूर.
त्या सुरात त्यांचा भाऊ.

पहिली चकती चौथ्या मिनिटाला गेली.
दुसरी, वर कणीक मळायचं यंत्र सुरू झालं तेव्हा.
बाई खुर्चीत, अंगातला कोट न काढता.
मी त्यांना हौद समजावायला लागलो,
पडद्यावरची हिरवी पट्टी दाखवली.
त्यांनी मधेच हात वर केला.

“म्हणजे बानी,” म्हणाल्या.
“खालचा सूर. तो तुटता कामा नये,
म्हणून एकट्याला देत नाहीत.
एक श्वास घेतो, तेव्हा बाकीचे ओढतात.
सगळ्यांनी एकदम घेतला, की संपलं.
माझा भाऊ केव्हा श्वास घ्यायचा
ते शेजारी बसूनही मला कधी कळलं नाही.”

तिसरी चकती. शेवटची.
अर्ध्यावर पट्टी खचली.
एकाहत्तर. चाळीस. अठरा.
हार्ड डिस्क आत कुठेतरी नखं घासत होती.
नऊ.
बाईंनी ओठ मिटून सूर धरला, खालचा.
यंत्राला त्याचा काय उपयोग?
काहीच नाही, मला माहीत होतं.
तरी नुगझारने धरला, बेसूर,
मग मीही.
चार.
चार.
अकरा.
आणि मग पट्टी अशी भरत गेली
जणू मधे काही झालंच नव्हतं.

नंतरची यंत्रं शहाणी निघाली.
हौद आटला तर खूण करून थांबतात,
नवं पाणी आलं की तिथूनच पुढे लिहितात.
आता कुणी दार लावत नाही.

बाईंनी पैसे मोजले, वाया गेलेल्या दोन्हींचेही,
आणि त्याही मागून नेल्या.
सप्टेंबरात त्यांच्या द्राक्षमळ्यावरून गेलो
तेव्हा दोन्ही दोरीला लटकून फिरत होत्या,
पाखरं येत नव्हती.