हूं

शनिवारी चारच्या सुमारास दिवे घाट चढून गाड्या येतात.
सीताफळाच्या बांधापाशी मोबाइलमधला रस्ता संपतो,
मग फोन येतो, "ताई, आता कुठं?"
आता टाकीपासून डावीकडे.
आणि हॉर्न वाजवू नका,
बत्ताशाला दचकायची सवय आहे.

सासऱ्यांनी दीड एकर अंजीर मोडलं तेव्हा
गाव म्हणालं, झेंड्यांनी उंटमेंढ्या आणल्यात,
ना दूध ना मटण, नुसती मान.
सात आले होते. एक पहिल्याच उन्हाळ्यात गेला.
बाकीच्यांच्या पोटाखाली आम्ही दुपारभर पाणी मारतो,
आणि ते कुलरसमोर उभे राहतात
मुलाकडच्या वऱ्हाडासारखे,
नाक वर करून.

तीन खोल्या. चादरी माझ्याकडे,
पिठलं-भाकरी सासूबाईंकडे,
माहिती सांगणं दिरांकडे.
अल्पाका मूळचा पेरूचा, ते म्हणतात,
एखादं पोर विचारतं, "झाडावरचा?"
सगळे हसतात.
वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात.
लेंड्या सगळा कळप एकाच जागी टाकतो,
शिका म्हणावं माणसांनी.
इथंही हसतात, दर शनिवारी, याच वाक्याला.
एकट्याला ठेवला तर झुरून मरतो.
इथं पोरंसुद्धा गप्प.

तीन नंबरला परवा कर्णिक म्हणून आले होते,
खडकीच्या कारखान्यातून निवृत्त.
पैसे दोघांचे भरलेले, आले एकटे.
फोटो काढला नाही, बाटलीनं दूध पाजायचं
म्हटलं तर "राहू द्या."

शेतीची लाइट रात्री दोनला येते.
मोटार चालू करायला उठले, तर हे कुंपणाला,
उपड्या बादलीवर बसलेले, स्वेटरवर मफलर,
आणि बत्ताशाला सांगताहेत:
मिक्सर दुरुस्त करून आणला, तीनशे चाळीस घेतले.
हूं, बत्ताशा.
खालच्या सोमणांनी पुन्हा आपल्या जागेत गाडी लावली.
हूं.
तुझी ती निळी छत्री सापडली, नलू,
बँकेतच होती, शिपायानं ठेवली होती जपून.
हूं.

माझ्या माहेरी म्हणायचे,
गोष्ट सांगताना समोरच्यानं हूं म्हणावं,
नाहीतर गोष्ट वाट चुकते
आणि भलत्याच घरात जाऊन बसते.
मी वाफ्याच्या कडेला उभीच राहिले.
चप्पल ओली, बॅटरी विझवलेली.
त्या रात्री लसूणघासाला पाणी मिळालं नाही.
सकाळी विचारलं तेव्हा म्हटलं, लाइटच आली नाही.

निघताना त्यांनी दोनदा बिल मोजलं.
मग हळूच, "ताई, त्यांना काही कळत नसेल ना?"
नाही हो, म्हटलं.
"बरंय," म्हणाले, आणि चेहरा
खरंच बरा झाला.

दीर म्हणतात, अल्पाका गुणगुणतो
घाबरला की, दमला की, कुतूहल वाटलं की,
आणि कधी कधी उगाच.
कुठल्या वेळी कुठलं, ते पुस्तकात नीट दिलेलं नाही.

सोमवारी चादरी वाळत घातल्या.
तीन नंबरची उशी एकच वापरलेली होती.
रिकामी पाटी घेऊन कुंपणापाशी गेले.
कापशी होती, एकटीच पुढं आलेली.
म्हटलं, सिलेंडर संपलाय.
ती घास चावत राहिली.
म्हटलं, बारावीला भूगोलात मला ब्याऐंशी होते.
पेरू मला नकाशावर दाखवता येतो,
खालचे देशही सांगता येतात, ओळीनं,
समुद्राकडचे वेगळे.
इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही.

तिनं आधी माझ्या पदराला तोंड पुसलं.
मग मान थोडी वाकडी करून
थांबली.

मी बोलिव्हियापासून सुरुवात केली.