दोन खाकी जोड

सोमवारी टाकून गेले होते दोघेही.
सगुण वेळीपचे दोन शर्ट, एक पँट.
कायतान बार्रेटोचा एकच जोड, डाव्या खिशाशी शाईचा डाग.
"जाईल काय रे?" म्हणाला.
मी म्हटलं, बघतो.

बुधवारी पहाटे पुलाच्या अलीकडे
रेतीचा टिपर थांबला नाही.
थांबला नाही, असं सकाळी म्हणत होते.
मग म्हणाले, थांबला होता. चौघे उतरले, हातांत फावडी.
दुपारपर्यंत चौघांचे सात झाले
आणि फावड्यांच्या जागी सळ्या आल्या.
मेलेले तेवढे दोनच राहिले.

कुडचड्याच्या तिस्कावर, ठाण्यासमोर माझं दुकान.
वीज जाते म्हणून कोळशाची इस्त्री अजून ठेवली आहे.
निखारे फुलायला वेळ लागतो,
तेवढ्या वेळात लोक बोलून घेतात.

पुंडलीक मास्तर म्हणाले, फाशी द्या. चौकात द्या.
आयुष्यात पोराला छडी न लावलेला माणूस.
बोलताना त्यांचा चष्मा धुकटला, तो त्यांनी
माझ्याच एका धुतल्या रुमालानं पुसला.
तावेर्नवाला रेमेदियो म्हणाला, आधी बंदुका द्या त्यांना,
शिट्टीनं टिपर थांबतो काय?
शाणू स्वतः टिपर चालवतो. तो भिंतीशी उभा होता.
हळूच म्हणाला, "मागच्या महिन्यात हप्ता वाढवला होता."
कोणी काही बोललं नाही.
समोरून बस गेली, तिचा धूर आत आला.
मग फुलकारीण म्हणाली, मेलेल्या माणसावर बोलू नये रे.
शाणू म्हणाला, "मग कधी बोलायचं?
जिता असताना त्याच्या हातात दांडा असतो."

मास्तरांनी त्याची कॉलर धरली.
कॉलर मीच कडक केलेली, धरायला सोपी.

त्याच सांजेला नदीकाठच्या खोल्यांतले कामगार
सावर्ड्याच्या फलाटावर दिसले,
चटया, पातेली, एक पंखा उलटा धरलेला.
त्यांतला एकही पुलावर नव्हता, असं आता म्हणतात.
कोणीतरी दगड मारला. एका बाईच्या कानशिलाला लागला.
तक्रार कोणाकडे करायची?
ठाणं रिकामं. सगळे प्रेतयात्रेला.

मला एक गोष्ट ठाऊक होती, ती मी बोललो नाही.
सगुणनं कधी इस्त्रीचे पैसे दिले नाहीत.
"लिहून ठेव" म्हणायचा, आणि मी लिहायचो.
महिनाअखेरीला कायतान येऊन दोघांचेही द्यायचा,
वर सांगायचा, त्याला कळू देऊ नकोस.
हे बोललो असतो तर
कोणाच्या बाजूनं बोललो असतो, कळेना.

गुरुवारी ठाण्यातून पोरगा आला.
कायतानला वर्दीत पुरायचं आहे,
अंगावरची राहिली नाही.
मी डागावर लिंबू चोळलं, मीठ चोळलं,
इस्त्री ठेवली तसा तो जास्तच निळा झाला.
पोरगा म्हणाला, राहू दे, नावाची पट्टी येते वर.
मी म्हटलं, पट्टी उजवीकडे असते बाबा.
तो स्वतःच्या छातीकडे बघत राहिला.
नवीनच भरती झालेला. बाहीची घडी अजून मोडली नव्हती.

सगुणला जाळलं, त्याला वर्दी लागली नाही.
त्याचे कपडे खिळ्यालाच राहिले.
खाली लोक रोज भांडत होते,
कधी त्याला हुतात्मा करत, कधी चोर,
आणि वाऱ्यानं बाह्या हलत.

नवव्या दिवशी त्याची बायको आली, एकटीच.
मास्तर होते, शाणूही होता. दोघेही रस्त्याकडे बघू लागले.
तिनं पदराची गाठ सोडली.
"किती झाले?"
"दिलेत," मी म्हटलं.
या खेपेचे दिले नव्हते. तेवढं खोटं.
ती घड्या मोजत होती, ती थांबली.
"हे कधी देत नसत कोणाला," म्हणाली.
"कोणी दिले?"